झुकतं माप

कोपरखैरण्याच्या बागेत, जिथं पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता,
तिथं मी सहा फेऱ्या मारतो, पहाटे सव्वापाचला.
अश्लेषानं मनगटावर बांधलेला पट्टा
थरथरून सांगतो : दोनशे चाळीस कॅलरी जळाल्या.
कुठून जळाल्या, ते सांगत नाही.

हिंदुराव म्हणतो, जळाल्या ना? मग भरून काढ.
जमाखर्च आहे गड्या, इकडून गेलं, तिकडून आलं.
गेटाबाहेर गाडीवर तेल तापलेलंच असतं.
तो दोन वडे घेतो, मिरची जास्तीची,
आणि गेल्या दिवाळीला होता तेवढाच आहे.

मी एकवीस वर्षं मापाडी.
तुर्भ्याच्या मार्केटात कांदा-बटाटा तोलतो.
सकाळी आधी काट्यावर शिक्क्याचं वीस किलो ठेवायचं,
काटा खरं बोलतो का बघायचं,
मगच पहिली गोणी.
या पट्ट्यावर काय ठेवून बघू?
परवा रिक्षात बसून वाशीला गेलो,
खड्ड्याखड्ड्याला त्यानं माझ्या नावावर पावलं लावली.

जावळीहून आलो त्या साली गोणी पाठीवर होती.
आठ भाकऱ्या, खर्डा, बुक्कीनं फोडलेला कांदा.
किती जळालं, कुणी विचारलं नाही.
दुपारी पोट पाठीला लागायचं, तेव्हा खरंच लागायचं.
आता खुर्ची आहे, काटा बटणाचा आहे,
गोणी कुणा दुसऱ्याच्या पोराच्या पाठीवर,
आणि भाकऱ्या आठाच्या सहा झाल्या.
एवढीच काय ती सुटली घट.

पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई,
वयानं माझ्या लेकीएवढ्या, म्हणाल्या,
काका, चालून आलात की पाणी प्या, अर्धा तास थांबा,
मग पोटाला विचारा. मनगटाला नको.
खरंच मागितलं तर द्या की. अंडं द्या, मूठभर फुटाणे द्या.
बक्षीस तेवढं देऊ नका.

बक्षीस.
घरी येईपर्यंत तो शब्द पायात घोटाळत होता.
कारण घाम आला की
माल माझा, गाळा माझा, मापाडीही मीच,
आणि पारडं जरासं, अगदी जरासं, माझ्याकडे.
ओतूरच्या एका म्हाताऱ्यानं एकदा हात जोडले होते,
थोडं सांभाळून घ्या म्हणून.
त्याला म्हटलं होतं, बाबा, काट्याला मी हात लावत नाही.
त्याचे दोन किलो होते फार तर.

कांदा नुसता पडून राहिला तरी घटतो.
चाळीत चार महिने ठेवा, गोणी उचलायच्या आधी
डोळ्यांनी सांगतो किती गेलं.
माणूस पडून राहिला की वाढतो.
हा हिशोब ज्यानं घातला
त्याचा परवाना बघायचाय मला एकदा.

आज घरी आलो तर शेवंता थालीपीठ लावत होती.
एवढं चालून येता, म्हणाली, दोन खा,
तोंड बघा कसं उतरलंय.
तिचं माप लग्नापासून झुकतंच.
तिला काय कडता लावणार?

पाणी प्यालो. घड्याळासमोर बसलो.
पहिली दहा मिनिटं भूक नाकात होती,
मग जिभेवर आली, मग हिंदुरावचे वडे आठवले, तिथं बराच वेळ होती.
पोट गप्प.
पस्तीस मिनिटं झाली तेव्हा खालून कुणीतरी
हळूच कडी वाजवावी तसं वाजलं.
दुसऱ्यांदा वाजलं, तेव्हा उठलो.

एक थालीपीठ खाल्लं, दह्याशी, सावकाश.
दुसरं मोडलं. अर्धं अश्लेषाच्या डब्यात घातलं.
उरलेलं अर्धं ताटात होतं,
शेवंता पाठमोरी होती, खाल्लं.

पोटानं ते मागितलं नव्हतं.
पट्टीवर लिहायचं तर जे आहे ते लिहायचं :
दीड.